साच्याविना वीट

आमच्या घराच्या पडवीत वाशाला खोचून ठेवलेला एक पिकाव असे. त्याचं एक टोक चांगलं वीतभर लांब आणि दुसरं जेमतेम चार बोटं. तो तसाच घडवलेला असणार, असं मी लहानपणी धरून चाललो होतो. पुढे कळलं, की मुळात दोन्ही टोकं सारखी होती. घराचे चिरे काढायला आलेला गडी चर मारायला नेहमी एकच टोक वापरायचा. दुसरं तो अडलेलं ढेकूळ फोडायला राखून ठेवी. चर मारणारं टोक बोथट व्हायचं, लोहाराकडे जायचं, तापून-ठोकून पुन्हा अणकुचीदार होऊन यायचं आणि दर खेपेला थोडं आखूड व्हायचं. जेवढं लोखंड त्या पिकावातून झिजलं, तेवढ्यात आमच्या घराचं जोतं, भिंती आणि परसातली विहीर उभी राहिली.

हे पुस्तक अशा झिजलेल्या हत्यारांचं आहे.

हातानं वीट पाडण्याची साधनं हा विषय घेऊन कोणी देशावर लिहायला बसलं, तर त्याला तो पुरून उरेल. माती कालवायचा खड्डा, ती तुडवणारे पाय, फावडं, घमेलं, लाकडी फर्मा, फर्म्याला माती चिकटू नये म्हणून वाळू किंवा राख, वर आलेली माती निपटायला पट्टी, ओल्या विटा मांडायला सपाट पटांगण आणि शेवटी भट्टी. पण मी सिंधुदुर्गातला. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडच्या जुन्या घरांत भाजलेली वीट क्वचितच दिसते. आमच्याकडे भिंत एकतर मातीची, नाहीतर चिऱ्याची, म्हणजे जांभा दगडाच्या कापीव ठोकळ्यांची. आमची तांबडी माती खडेदार, विटेला हवी तशी चिकण नाही. खाडीकाठची माती चिकण असते, पण खारी; आणि जिथे ती गोडी आहे तिथे भात पिकतो. शेताची माती भट्टीत घालणारा शेतकरी कोकणात कुठून मिळणार? आणि मुख्य म्हणजे वीट करायची गरजच पडली नाही. ती पायाखाली तयार होती.

ही उपमा माझी नाही. टिपू पडल्यावर, १८०० साली, फ्रान्सिस बुकानन हा स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या हुकमावरून म्हैसूर, कानडा आणि मलबार पाहायला निघाला. मलबारात अंगाडीपुरमला त्यानं एक नवल पाहिलं. लोक जमिनीतून मऊ दगडाच्या चौकोनी ढेपा कुदळीनं काढत होते आणि काढल्या काढल्या थापीनं किंवा मोठ्या सुरीनं त्यांना हवा तो आकार देत होते. उघड्यावर राहिला की हाच दगड विटेसारखा घट्ट होतो, आणि हिंदुस्थानात पाहिलेल्या कुठल्याही विटेपेक्षा हवा-पाणी चांगलं सोसतो, असं त्यानं लिहून ठेवलं. लॅटिनमध्ये विटेला 'लॅटर' म्हणतात. त्यावरून त्यानं दगडाला 'लॅटेराइट' म्हटलं. त्याचं प्रवासवर्णन १८०७ साली लंडनला छापलं गेलं आणि तेव्हापासून आपला जांभा जगभरच्या भूगर्भशास्त्रात विटेच्या नावानं वावरतो आहे. अंगाडीपुरमला १९७९ साली या नामकरणाची स्मारकशिळाही बसवली गेली.

बुकाननबद्दल मला आदर आहे, पण त्यानं त्या कुदळीवर आणि सुरीवर आणखी एक पान लिहायला हवं होतं, ही हळहळ जात नाही. पात्याची रुंदी किती, दांडा कुठल्या लाकडाचा, माणूस उभा राहून घाव घालत होता की बसून, हे तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर होतं. दगडाला नाव मिळालं, शास्त्र मिळालं. ज्या हत्याराकडे बघून ते नाव सुचलं, ते एका ओळीत उरकलं गेलं. सिंधुदुर्गातही आपण तेच केलं. चिरेबंदी घरांचं आपण भरभरून कौतुक करतो. सावंतवाडीचा राजवाडा, विजयदुर्गाची तटबंदी, रेडीचा यशवंतगड, सगळीकडे जांभ्याचा तांबडा रंग डोळ्यांत भरतो. पण ज्या लोखंडानं हे चिरे निघाले, ते गोठ्यात नाहीतर भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेलं.

वीट करणारा जे मळतो, वाळवतो आणि भाजतो, ते आमच्याकडे पावसानं आणि उन्हानं लाखो वर्षांत करून ठेवलं. मूळ खडकातली सिलिका आणि क्षार पाण्यानं धुऊन नेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्याचा हा भोकाभोकांचा दगड झाला. खाणीत ओला असतो तोवर तो हत्याराला वश असतो; बाहेर काढून वाळला की ताठ होतो. भट्टी नाही, फर्मा नाही. उरतं फक्त कापणं.

या 'फर्मा नाही'पाशी मी बराच काळ अडलो, आणि या पुस्तकाची सगळी मांडणी त्यातूनच निघाली.

विटेचं माप फर्म्यात असतं. सिंधू संस्कृतीच्या विटांची जाडी, रुंदी आणि लांबी यांचं प्रमाण १:२:४ असं होतं, आणि एकमेकांपासून शेकडो कोस दूर असलेल्या नगरांत ते सारखं सापडतं. लाकडाची चौकट मापाची असली की नवख्या पोरानं पाडलेली वीटही मापातच पडते. चिऱ्याला अशी चौकट नाही. त्याचं माप थोडं दोरीत, थोडं गजावर आणि उरलेलं सगळं गड्याच्या अंगात. म्हणून वीटवाल्याचा फर्मा त्याच्या मुलाला, शेजाऱ्याला, कोणालाही चालतो. चिरे काढणाऱ्याचं हत्यार मात्र दुसऱ्याच्या हातात परकं होतं. त्याच्या दांड्याची लांबी मालकाच्या कमरेवरून ठरलेली, वजन त्याच्या दंडावरून, आणि पात्याचा कोन त्याच्या मनगटाच्या वळणावरून. हत्यार बघितलं की माणूस कळायला हवा. तसं बघायला मी शिकलो ते खाणीवर.

सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, सगळ्यांत वरचा थर सगळ्यांत टणक. ऊन-पाऊस खाऊन तो कातळ लोखंडासारखा झालेला असतो. याच कातळावर मालवण तालुक्यात कुडोपीला इतिहासाच्या कितीतरी आधीच्या माणसांनी चित्रं कोरली. कोकणातल्या इतर कातळशिल्पांबरोबर कुडोपीचं नावही २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं. चिऱ्याच्या दृष्टीनं मात्र हा थर कुचकामी. तो आधी पारयीनं आणि घणानं उचकटून बाजूला करायचा. देशावर जिला पहार म्हणतात ती आमची पारय. एक टोक निमुळतं, दुसरं छिन्नीसारखं चपटं. हत्यारांत ती सगळ्यांत साधी, आणि मला वाटतं सगळ्यांत शहाणी. कारण ती तोडते, उचकटते, उचलते आणि त्याआधी ऐकते.

पहिल्यांदा खाणीत उतरलो तेव्हा मी पिकावाचे फोटो काढायला गेलो होतो. सत्तरी ओलांडलेल्या एका चिरे काढणाऱ्या बाबांनी माझ्या हातात पारय दिली आणि ती वीतभर उचलून कातळावर सोडायला लावली. मला दगडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, एवढंच. "झिला, आधी आवाज आयक," ते म्हणाले. "बद्द वाजलो तर सोड तेका. खणखणलो तर मगे दोरी मार." मग दोन पावलं सरकून पुन्हा, आणखी दोन पावलं, पुन्हा. सातव्या-आठव्या ठिकाणी माझ्या कानाला फरक लागला. जिथे आत पिवळट मातीच्या नळ्या जास्त, तिथे आवाज मातीतच मुरत होता. जिथे दगड एकसंध, तिथे तो पारयीतून तळहातापर्यंत परत येत होता. फोटो त्या दिवशी एकही निघाला नाही.

मग दोरी. सुतार लाकडावर सूत मारायला काव वापरतो. लाल दगडावर लाल काव दिसणार कशी? म्हणून इथे दोरी चुन्यात नाहीतर कोळशाच्या पुडीत बुडवतात. दोन टोकांना दोघं, मधे चिमटीनं उचलून सोडली की रेघ उमटते. आता पिकाव. रेघेच्या कडेनं चर मारत जायचं, चर किती रुंद तर पिकाव आत हलेल इतका, म्हणजे तीन-चार बोटं. तेवढा दगड चुरा होऊन वायाच जातो. कसबी माणसाचा चर अरुंद असतो, कारण त्याचा घाव दर वेळी त्याच जागी, त्याच तिरक्या कोनात उतरतो. जुन्या विहिरीत वाकून पाहिलंत तर बांधणीच्या खाली, जिथे नुसता कापीव जांभा आहे तिथे, या तिरक्या रेघा ओळीनं दिसतात. आमच्या विहिरीत एका उंचीपर्यंत त्या उजवीकडे झुकतात आणि खाली काही हात डावीकडे. मधेच माणूस बदलला असणार, आणि नवा गडी डावखुरा असणार. हे कुठल्याही कागदावर नाही. ते पिकावानं लिहून ठेवलं आहे.

चारी बाजूंनी चर खाली गेला की बुडाशी आडवे घाव घालायचे, लोखंडी पाचर बसवायची, आणि पारयीनं हलकेच उचल द्यायची. चिरा सुटतो तेव्हा मोठा आवाज होत नाही. सुकं लाकूड मोडल्यासारखा एक कडक शब्द होतो, की झालं.

त्यानंतरचं हत्यार मला सगळ्यांत प्रिय आहे: तासणी. रुंद पात्याची, आखूड दांड्याची. चिरा पावलांनी अडवून, उकिडवं बसून, मनगटातून सोडायची. पाच घावांत एक अंग सपाट होतं असं बघणाऱ्याला वाटतं. स्वतः करायला घेतलं की पाचव्या घावाला कोपरा उडतो. तासताना गुण्या जवळ असतो, पण जाणता माणूस तो शेवटी एकदाच लावतो, नवऱ्या मुलीची नथ सरळ आहे ना बघावी तसा. तासणी दगड गुळगुळीत करत नाही, ती त्यावर बारीक खाचा सोडते. चुन्याचा गिलावा या खाचांत धरून बसतो. ज्यांना उघडा जांभा फार देखणा वाटतो, त्यांनी जुन्या गोव्यातलं बाँ जेझूचं चर्च बघून यावं. तिथला गिलावा १९५० च्या दशकात काढला, आणि तेव्हापासून त्या भिंती दर पावसाळ्यात पाऊस अंगावर घेत उभ्या आहेत. आपल्या पूर्वजांनी त्या खाचा शोभेसाठी ठेवल्या नव्हत्या.

तासलेला चिरा लगेच भिंतीत घालायचा नसतो. तीन महिने तरी त्याला उघड्या हवेत मुरू द्यायचं. भारतीय मानक ३६२०, जे जांभ्याच्या चिऱ्यासाठी आहे, त्याची १९७९ची आवृत्तीही हेच सांगते. चिऱ्यानं दर चौरस मिलिमीटरला निदान ३.५ न्यूटन दाब सोसावा आणि वजनाच्या बारा टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये, अशी त्यात अट आहे. ३.५ हा आकडा भाजलेल्या विटेच्या सगळ्यांत खालच्या प्रतीचाही आहे. बुकाननची उपमा प्रयोगशाळेच्या तक्त्यातही टिकली, याचा मला आनंद झाला होता.

लोहाराशिवाय हे सगळं ठप्प. बोथट फाळ, कुदळ, पहार तापवून टोक काढून आणणं याला मराठीत 'शेवटणं' असा सुरेख शब्द आहे. जांभा दिसायला मऊ, पण त्यात लोह भरलेलं; टोक भराभर खातो. म्हणून खाण तिथे लोहारसाळ जवळ लागायची, आणि खाणीच्या हंगामात भाता थंड पडत नसे. सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम २५ नोव्हेंबर १६६४ ला सुरू झालं. त्या बांधणीच्या गोष्टी सांगताना पाथरवटांच्या पाठोपाठ लोहारांचीही मोजदाद होते, ती उगाच नाही. लोहाराची खरी कसोटी टोक काढण्यात नाही, पाणी देण्यात आहे. लाल टोक पाण्यात बुडवून काढायचं, दगडावर घासून चकचकीत करायचं, आणि मागच्या उष्णतेनं त्यावर रंग चढताना बघत राहायचं. आधी गवताच्या काडीसारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. कुठल्या रंगाला पुन्हा बुडवायचं, यावर सगळं. पिवळ्यावर थांबलं तर टोक कडक पण ठिसूळ, निळ्यावर गेलं तर चिवट पण मऊ. जांभ्यात मधेच गारगोटीसारखा कठीण गोळा लागतो, तिथे ठिसूळ टोकाचा तुकडा उडतो. आमच्याकडच्या एका लोहारकाकांनी मला सांगितलं, की कोणाचा पिकाव आहे त्यावर ते रंग ठरवायचे. अंगानं दांडगा माणूस असेल तर थोडं पुढे जाऊन थांबायचं. हत्यार माणसाच्या अंगाला बेतलेलं असतं हे मला दांड्यावरून माहीत होतं. ते पोलादाच्या रंगापर्यंत जातं हे त्या दिवशी कळलं.

दांडा बहुधा खैराचा. चैत्र-वैशाखात लाकूड सुकून आटतं, डोळ्यात ढिलं पडतं, आणि मग रात्री सगळी हत्यारं डोक्याकडून पाण्यात बुडवून ठेवायची. सकाळपर्यंत लाकूड फुगून लोखंडाला आवळून धरतं. मे महिन्यातल्या पहाटे आमच्या डोणीत लोखंडी टोकं बुडालेली आणि दांडे वर आलेले, हे चित्र माझ्या आठवणीत पक्कं आहे.

भिंत बांधणाऱ्याची हत्यारं, म्हणजे थापी, ओळंबा, पाणसळ, सूत, ही विटेच्या गवंड्याचीही तीच. त्यांच्यावर एकच छोटं प्रकरण आहे. पण एक गोष्ट इथे सांगतो, कारण ती मला खूप उशिरा दिसली. वीट एका हातात मावते. गवंडी डाव्या हातात वीट आणि उजव्या हातात थापी घेऊन एकटा भिंत उठवू शकतो. चिरा सव्वा फुटाच्या आसपास लांब, वजन पंचवीस-तीस किलो. त्याला दोन्ही हात लागतात. म्हणून चिऱ्याच्या भिंतीवर दोघं असतात. एकजण माती किंवा चुना पसरतो, दुसरा चिरा बसवतो, आणि बसवल्यावर हलवता येत नाही म्हणून दोघांना आधीच एकमेकांच्या मनातलं कळावं लागतं. भावाभावांच्या, बापलेकांच्या जोड्या या कामात का टिकल्या, याचं उत्तर मला चिऱ्याच्या वजनात दिसतं.

चुन्याबद्दलही दोन शब्द. किनाऱ्याला शिंपले भाजून चुना करायचे. तो चाळायची, भिजवायची, घोटायची साधनं बाईमाणसांच्या हातची होती, तशीच जमीन चोपायची चोपणी आणि चिरे डोक्यावरून वाहताना लागणारी चुंबळ. जुन्या नोंदींत हत्यार म्हणजे लोखंड, असा समज दिसतो. कापडाची चुंबळ हेही हत्यार आहे, असं मी मानतो. तीस किलो दगड आणि मान यांच्यामध्ये तेवढीच असते.

आता यंत्राबद्दल. रुळांवर सरकणारं दातेरी चक्र माझ्या डोळ्यांदेखत आमच्या सड्यांवर आलं. ते आधी उभ्या रेघा कापतं, मग आडव्या, आणि सारख्या मापाचे चिरे मांडलेल्या पानांसारखे तयार होतात. मालवण-कसाल रस्त्यानं जाताना ट्रक भरून दिसतात ते हेच. मी यंत्राच्या विरुद्ध नाही. पिकाव चालवणाऱ्यांच्या पाठी मी जवळून पाहिल्या आहेत. साठीत सरळ उभं राहता येत नाही अशी माणसं या पुस्तकात आहेत. चरात वाया जाणारा दगड यंत्रानं वाचवला, घर बांधणं आवाक्यात आणलं. मात्र चक्राला कान नाहीत. बद्द काय आणि खणखणीत काय, ते सगळं सारखंच कापतं, आणि नको असलेला दगड खाणीच्या काठावर ढिगानं पडतो. त्यानं चिऱ्याला फर्मा आणला. माप माणसाच्या अंगातून निघून रुळांमधल्या अंतरात गेलं. म्हणून हातानं चिरा काढणारे हयात आहेत तोवर त्यांची हत्यारं त्यांच्यासकट नोंदवून घ्यावीत, ही घाई मला लागली.

तशी नोंदवायची कशी, हे मला सुरुवातीला कळलं नव्हतं. पहिल्या वर्षी मी हत्यार कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायचो, लांबी-रुंदी-वजन लिहायचो, फोटो काढायचो. खंडेनवमीला काही घरांत ही हत्यारं धुऊन-पुसून पाटावर मांडतात, त्या दिवशी काम सोपं जायचं. एका घरात पूजा झाल्यावर मी असाच पिकाव कागदावर उतरवत होतो. ज्यांनी मला पारय ऐकायला शिकवली तेच बाबा शेजारी येऊन बसले. चित्र पुरं झाल्यावर त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. मग आपला डावा तळवा कागदावर, काढलेल्या दांड्यावर ठेवला, थोडा वर सरकवला, पुन्हा खाली आणला.

"माझो हात हंय असता," ते म्हणाले. "तो पण काढ."

मी पेन्सिल त्यांच्या बोटांभोवती फिरवली. करंगळी सरळ होत नव्हती, तिला तशीच वाकडी उतरवली. मग उजवा हात. पुढच्या पानांवरच्या प्रत्येक हत्याराच्या दांड्यावर दोन तळव्यांची रेघ दिसेल. जिथे फक्त हत्यार मिळालं आणि माणूस आधीच गेला होता, तिथे दांडा मोकळा ठेवला आहे.